गाडीखालची फरशी

घर बांधताना हॉलच्या टाइल्स निवडायला आम्ही नाशिकच्या चार फेऱ्या मारल्या होत्या. गॅरेजच्या फरशीवर चार मिनिटेही खर्च केली नाहीत. गाडी उभी राहणार, तिथे काय बघायचे, असा आमचा विचार होता. बारा वर्षांत त्या जागेने आमच्या हॉलपेक्षा जास्त माणसे पाहिली, आणि तिथल्या चुकीची किंमत शेवटी अम्मींनी मोजली. सध्या वाचकांपैकी अनेकांची घरे बांधून होत आहेत किंवा दुरुस्तीला निघाली आहेत. म्हणून या वेळी हा घरगुती विषय घेतला आहे.

आमचे घर पिंपळगाव बसवंतला आहे. गॅरेज म्हणजे घराच्या पुढच्या भागातली बारा बाय अठरा फुटांची छताखालची जागा, रस्त्याकडे लोखंडी गेट. भाईजानची पिकअप तिथे उभी राहते. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीतून ती रात्री उशिरा येते, चाकांना चिखल आणि मागे रिकाम्या क्रेटची थप्पी. पण आपल्या घरांत गॅरेज फक्त गाडीचे कधीच नसते. रमजानमध्ये गाडी बाहेर काढून तिथे सतरंज्या अंथरल्या जातात आणि मोहल्ल्यातल्या बायका इफ्तारला बसतात. लग्नात तिथेच देग चढते. पावसाळ्यात कपडे वाळतात, दुपारी मुले क्रिकेट खेळतात. कोपऱ्यात नळ आहे, अम्मी वुजूला तिथेच जातात.

चार वर्षांपूर्वी अब्बांचे निधन झाले, तेव्हा चादरींचा आडोसा करून गुस्लचा तख्ता आम्ही तिथेच ठेवला. त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली, ती अजून मनातून जात नाही. पाणी बाहेर गटारीकडे जायला हवे होते, ते घराच्या उंबऱ्याकडे आले. शेजारचे चाचा आणि त्यांची मुले काही न बोलता खराट्याने पाणी बाहेर लोटत राहिली. गवंड्याने ढाळ उलटा दिला होता आणि आठ वर्षांत आम्हाला तो दिसला नव्हता.

तेव्हाच फरशी नीट करायला हवी होती. आम्ही केली ती दोन वर्षांनी, तीही चुकीच्या कारणासाठी आणि चुकीच्या वेळी. डिसेंबरच्या शेवटी पुतणीचा निकाह ठरला होता. कोबा काळा पडला होता, जागोजागी तेलाचे डाग होते, पाहुणे तिथेच बसणार होते. कोणीतरी मोबाइलवर चकचकीत राखाडी फरशीचे फोटो दाखवले. कोटिंग करणारे लोक आले, फरशी झाडली, पुसली, दोन दिवसांत रोलर फिरवून गेले. निकाहच्या दिवशी फरशीत छतावरच्या दिव्यांचे प्रतिबिंब दिसत होते. सगळ्यांनी वाहवा केली.

हे कोटिंग म्हणजे इपॉक्सी. दोन नळ्यांतला मसाला एकत्र कालवून लावायचा अ‍ॅराल्डाइट हा डिंक आपल्या सगळ्यांच्या घरात असतो. त्याच घराण्यातला हा माल. रेझिन आणि हार्डनर मिसळले की दोघांत रासायनिक क्रिया होते आणि कडक थर तयार होतो. रंग वाळतो, इपॉक्सी मुरते, आणि मुरायला तिला ऊब लागते. बहुतेक साध्या इपॉक्सींना साधारण दहा अंशांच्या वर तापमान हवे असते, आणि फरशीवर दव धरलेले चालत नाही. आता निफाड तालुक्याची डिसेंबरमधली पहाट आठवा! थंडीच्या बातम्यांत निफाडचा पारा दरवर्षी येतो. दव पडले की आमच्याकडे द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. तेच दव आमच्या ओल्या कोटिंगवर पडत होते आणि आम्ही निश्चिंत झोपलो होतो.

पहिला उन्हाळा कसाबसा गेला. तापलेले टायर उभे राहिले की त्यांच्या खालचा थर चिकटून निघू लागला. चार चाकांच्या जागी चार टकले पडले. पाऊस सुरू झाला तसे फुगे आले, फुगे फुटून पोपडे निघाले. आणि जिथे थर शाबूत होता, तिथे तो काचेसारखा गुळगुळीत होता. जुलैमध्ये एका पहाटे अम्मी फजरच्या वुजूसाठी नळाकडे निघाल्या. उलट्या ढाळामुळे उंबऱ्यापाशी पाणी साचलेले होते. पाय सरकला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. त्या काळात अम्मी एकदाच बोलल्या, “बेटा, आरसा भिंतीवर लावायचा असतो.”

त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते आधी शिकायला हवे होते. गावातल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी कोटिंगकडे पाहिलेच नाही. “वर काय लावायचं ते नंतर बघू. खाली काय आहे ते सांगा,” एवढेच विचारले. मग एक साधी परीक्षा दाखवली, ती प्रत्येक घरात करता येते. जाड प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा उघड्या कोब्यावर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि किमान सोळा तास हात लावायचा नाही. उचलल्यावर प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा गडद झालेला दिसला, तर जमिनीतून ओल वर येते आहे. दोन-तीन ठिकाणी करून बघावे. मे महिन्यात कोरडी निघालेली फरशी ऑगस्टमध्ये ओली निघू शकते, म्हणून पावसाळ्यातही करावे. आमच्या तिन्ही तुकड्यांखाली पाणी होते.

कारण सरळ होते. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. आमचा कोबा या मातीवर थोडा मुरूम टाकून ओतलेला होता. खाली प्लास्टिकचा कागद नव्हता. ओल वर येत होती, वर तिला वाट बंद होती, म्हणून ती कोटिंगच उचलत होती. शिवाय कोटिंगआधी यंत्राने घासाई झाली नव्हती. दुसरी परीक्षा त्यासाठीच असते. कोब्यावर पाण्याचे थेंब टाका. ते शोषले गेले तर थराला पकड मिळेल. मोत्यासारखे तसेच उभे राहिले, तर खाली तेल किंवा दुसरा काही थर आहे, तो घासून काढल्याशिवाय काहीच टिकणार नाही. घासाईची धूळ फुप्फुसांना वाईट असते. कामगारांनी चांगला मास्क लावलेला असावा आणि घरातली मुले त्या वेळी दूर असावीत. काही जण घासाईऐवजी ॲसिड टाकून फरशी धुतात. तसे असेल तर आणखी जपावे, आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो.

मग काय लावावे? आम्ही एकेक पर्याय पाहिला.

इपॉक्सी वाईट नाही. खाली ओल नसेल, कोबा किमान 28 दिवसांचा झालेला असेल, यंत्राने घासलेला असेल आणि हवा उबदार असेल, तर ती उत्तम टिकते, तेल पीत नाही, पुसायला सोपी. ओल्या पायांची ये-जा असेल तर वरच्या थरात बारीक वाळू टाकून खरखरीत करून घ्यावी. थेट ऊन पडते तिथे ती पिवळी पडते, म्हणून वरून पॉलियुरेथेनचा थर देतात. आमच्या ओल्या कोब्याला मात्र ती नकोच होती.

कोटा आणि शहाबादी फरशी आपल्या ओळखीची. एक राजस्थानातून येते, दुसरी कर्नाटकातून. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणून आंबट गोष्टींना भितात. बॅटरीचे ॲसिड गळले, लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटली किंवा संडास साफ करायचे ॲसिड सांडले, तर कायमचा डाग पडतो. पॉलिश केलेला कोटा पावसात निसरडा होतो. खरखरीत शहाबादी पायाला बरी, पण पातळ फरशी खाली पोकळ राहिली तर गाडीखाली तडकते.

पार्किंग टाइल्स घरातल्या टाइल्सपेक्षा जाड आणि खरखरीत असतात. ओल्या जागेतही चालतात. पण खालचा मसाला पूर्ण भरलेला हवा. बसवून झाल्यावर नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघावी. पोकळ आवाज आला की ती तिथल्या तिथे बदलून घ्यावी, नाहीतर चाक किंवा जॅक आला की ती गेलीच.

पेव्हर ब्लॉक हलक्या गाड्यांना 60 मिलिमीटर जाडीचे लागतात. पाणी सांध्यांतून मुरते, एखादा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. पण काळ्या मातीवर खालची भर नीट दाबलेली नसेल तर ते खचतात, आणि लग्नात खुर्च्या डगमगतात. रबरी मॅटखाली ओल कोंडते, म्हणून ती उचलून वाळवता येईल अशीच घ्यावी.

शेवटचा पर्याय सर्वांत साधा, नीट केलेला कोबाच. मिस्त्री म्हणाले, “चाकांना आणखी काही लागत नाही. माणसाला लागतं ते माणसाच्या वाटेवर करू.” आम्ही तेच केले.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये जुना कोबा फोडला. एक फूट काळी माती काढली, मुरूम भरून पाणी मारून धुमसला, त्यावर दगडांचे सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग चार इंच काँक्रीट. ढाळ या वेळी आम्ही स्वतः लेव्हल पाइप धरून मोजला. शंभराला एक म्हणजे अठरा फुटांत दोन इंचांहून थोडा जास्त, घराकडून गेटकडे. काँक्रीट ओले असतानाच त्यावर झाडू फिरवून खरखरीत केले. सिमेंट पीपीसी होते, म्हणून दहा दिवस पाणी मारले. महिनाभर पिकअप गल्लीत उभी राहिली. नंतर कोब्याची धूळ निघू नये म्हणून हार्डनरचे पाणी दिले. ते कोब्यात मुरते, वर थर धरत नाही, त्यामुळे सोलायला काही नसतेच. गेटपासून नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत चार फुटांची वाट तेवढी पार्किंग टाइल्सची केली आणि भिंतीला अम्मींच्या हाताच्या उंचीवर लोखंडी कठडा बसवला.

कोब्यावर तेलाचा डाग पडतो, हे खरे. डाग ताजा असतानाच लाकडाचा भुसा टाकून टिपून घेतो. मोटारसायकलच्या साइड स्टँडखाली लाकडाचा तुकडा ठेवतो. एवढीच निगा.

खर्च दोनदा झाला. पहिला तर निव्वळ इस्राफ होता, पाहुण्यांच्या एका दिवसासाठी केलेला. म्हणून वाचकांना एवढेच सुचवतो. फरशी निवडण्याआधी प्लास्टिकचा तुकडा चिकटवा. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहा. घरात सर्वांत सावकाश कोण चालते, ते कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळी, हे आठवा. कोटेशन घ्याल तेव्हा घासाई, थरांची संख्या आणि जाडी, आणि ओल तपासणार का, हे वेगवेगळे लिहून मागा. “सगळं येतं त्यात” म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगा. तेवढ्यात तुमचे प्लास्टिक उचलायची वेळ होईल.

काम झाल्यावर बादलीभर पाणी आम्हीही ओतले. ते घराकडे पाठ फिरवून सरळ गेटबाहेर गेले. भाईजान बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभे होते. त्यांच्या मनात काय होते ते आम्ही विचारले नाही, आम्हाला ठाऊक होते.

अम्मी अजूनही फजरला तिथेच वुजू करतात. मनगट थंडीत दुखते. फरशी कशी वाटते, असे विचारले, तर म्हणाल्या, “आता फरशीकडे लक्ष जात नाही.”