जीर्ण गुडघा आणि निवृत्तीचा हुकूम

गुडघा एकदा दुखावला, दुखणे महिनोन्‌महिने मुरले आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रात थोडीबहुत झीज दिसली, म्हणजे मनुष्याने धावणे, डोंगर चढणे, सायकलवरून लांबचे पल्ले गाठणे हे सर्व कायमचे सोडावे आणि शिल्लक राहिलेला गुडघा उर्वरित आयुष्याला पुरवून वापरावा, हे मत आपल्याकडे इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की, ते केवळ एक मत आहे याचेच विस्मरण पडावे. चाळिशीतील धावपटूला ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून मिळते. साठीच्या वारकऱ्याला घरची माणसे दिवे घाटाची धास्ती घालून तेच ऐकवतात. या मतामागील कळकळ मला मान्य आहे, त्यामागील विचार मान्य नाही. आणि या एका हुकुमापायी कितीतरी धडधाकट माणसे अकाली खुर्चीला खिळलेली पाहिल्यामुळे त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे की, गाडीचा टायर जितका फिरेल तितका झिजतो, तसाच गुडघाही. पण टायर निर्जीव आहे आणि गुडघ्यातील कूर्चा सजीव आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रव दाबाने बाहेर ढकलला जातो आणि दाब सरताच पुन्हा आत शोषला जातो, या आवर्तनातूनच तिला पोषण मिळते. याचाच अर्थ, भार हा तिचा केवळ शत्रू नसून तिच्या अन्नाचा वाहकही आहे. प्लास्टरमध्ये जखडलेल्या पायाची मांडी काही आठवड्यांतच बारीक होते, हे तर कोणीही पाहिलेले असते. सक्तीच्या विश्रांतीत कूर्चाही पातळ होत जाते, हे मात्र डोळ्यांना दिसत नसल्यामुळे विश्रांती निरुपद्रवी असल्याचा समज टिकून राहतो.

प्रत्यक्ष दाखले पाहू. अनेक अभ्यासांचे २०१७ साली जे संकलन झाले, त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या वा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण शेकडा ३.५, तर बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये १०.२ आढळले. त्याच संकलनात स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये ते १३.३ निघाले, आणि हा आकडा दडवून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल: अतिरेकाची भीती निराधार नाही. यावर कोणी असा सयुक्तिक आक्षेप घेईल की, ज्यांचे गुडघे मुळातच चांगले तेच धावत राहिले, आणि निरोगी गुडघ्याचा पुरावा दुखावलेल्या गुडघ्याला लागू होत नाही. म्हणूनच ज्यांना गुडघ्याचा संधिवात आधीच जडला होता अशा, पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकी स्त्रीपुरुषांची चार वर्षे जी पाहणी झाली, ती मला अधिक मोलाची वाटते. त्यांच्यापैकी जे आपल्या मर्जीने धावत राहिले, त्यांची वेदना न धावणाऱ्यांपेक्षा वाढली नाही आणि छायाचित्रातील झीजही अधिक वेगाने सरकली नाही.

छायाचित्रांचा धाक तर फारच अनाठायी आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे पन्नाशीपुढील सर्वसाधारण नागरिकांचे एमआरआय काढले, तेव्हा ज्यांच्या गुडघ्यातील गादी फाटलेली दिसली त्यांच्यापैकी शेकडा ६१ जणांना मागील महिन्यात कसलीच वेदना नव्हती. फिनलंडमध्ये २०१३ साली वयोमानाने फाटलेल्या गादीवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया केलेल्यांची तुलना शस्त्रक्रियेचा केवळ आभास निर्माण केलेल्यांशी केली गेली आणि वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारलेले दिसले. मुरगळून अडकलेला, अकस्मात सुजलेला वा चालताना दगा देणारा गुडघा ही गोष्ट निराळी. तिथे शस्त्रवैद्याचा अधिकार निर्विवाद आहे.

आता दुसरा पक्ष. वेदना ही दुर्बलांची सबब आहे, गुडघ्याला पट्टी बांधावी, गोळी घ्यावी आणि धावत सुटावे, असे सांगणारे हे लोक जोन बेनॉइटचे उदाहरण देतात. २५ एप्रिल १९८४ रोजी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, १२ मे रोजी तिने अमेरिकेची निवड स्पर्धा जिंकली आणि ५ ऑगस्ट रोजी लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. तिच्या धैर्याला माझा प्रणाम आहे. परंतु तिच्या गुडघ्यातील विवक्षित अडथळा शस्त्राने दूर झाला होता आणि पायांना विश्रांती होती त्या दिवसांत ती हातांनी फिरवायच्या सायकलवर दम राखून होती. वेदना पायदळी तुडवल्याचा नव्हे, कारण शोधून वाट काढल्याचा हा दाखला आहे.

जुन्या दुखण्याचा गुडघा घेऊन दीर्घ पल्ल्याचा खेळ चालू ठेवायचा, तर कारभार चोख हवा, एवढेच माझे प्रतिपादन आहे. त्यातील पहिली कलमबंदी वेदनेची. गुडघ्याच्या वाटीमागील दुखण्यासाठी स्वीडनमध्ये रूढ झालेला नियम असा की, शून्य ते दहा या मापावर पाचापर्यंतची वेदना व्यायामात चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ववत झाली पाहिजे आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. सकाळी जिना उतरताना गुडघा जी साक्ष देतो, ती मी कोणत्याही छायाचित्राहून विश्वसनीय मानतो, आणि ती रोजनिशीत नोंदवावी असा माझा आग्रह आहे. दुसरी बाब पावलांची. वेग तोच राखून मिनिटातील पावले शेकडा ५ ने वाढवली, तर गुडघ्याला शोषावी लागणारी ऊर्जा सुमारे पंचमांशाने घटते, असे विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्रयोगात २०११ साली दिसले. लांब ढांगा टाकण्याची ऐट म्हणूनच सोडावी. मांडीचे व कुल्ल्याचे स्नायू आठवड्यातून दोनदा वजने घेऊन बळकट करणे, शरीराचा अनावश्यक भार उतरवणे, दुखऱ्या दिवसांत सायकल वा पोहणे यांवर दम राखणे, ही बाकीची कामे सर्वांना ठाऊक आहेत आणि बहुतेक जण ती टाळतात.

उतारांविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात हाफ मॅरेथॉन धावणारे चढाला भितात, पण वाटीच्या मागचे दुखणे असलेल्या गुडघ्याची खरी परीक्षा परतीच्या उतारावर होते. तिथे मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराला रोखून धरत असतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. अशा धावपटूने चढ धावत आणि उतार चालत सराव करावा, उतार हळूहळू, थोड्या अंतराने वाढवावा, आणि तेवढ्याने सकाळची साक्ष बिघडली तर त्या वर्षी घाट सोडून मुंबईचा रस्ता धरावा. त्यात पराभव कसला?

डॉक्टरांकडे माझे मागणे एवढेच आहे की, चिठ्ठीवर ‘धावणे बंद’ हे दोन शब्द लिहिण्याऐवजी किती अंतर, कोणत्या चढ-उतारावर, स्नायूंचे कोणते व्यायाम आणि किती आठवड्यांनी फेरतपासणी, हे त्यांनी लिहून द्यावे; आणि रुग्णाने तेवढे लिहून घेतल्यावाचून तपासणीच्या खोलीतून उठू नये.