हात लावाल तर वॉरंटी जाईल

मुलांच्या खेळाच्या यंत्रावर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तीस-चाळीस हजारांची ती पेटी बंद पडली की बिल हुडकायचं, थर्माकोलसकट जुनं खोकं माळ्यावरून काढायचं आणि कस्टमर केअरशी अर्धा-अर्धा तास बोलायचं, हे घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. तेव्हा विषय माझाही आहे.

"कंपनी स्वतः दुरुस्त करून देते, तेही फुकट. मग तक्रार कसली?" हे मी पुष्कळ ऐकलंय. एक्सबॉक्स ३६० चंच घ्या. २००५ च्या नोव्हेंबरात ते बाजारात आलं. तापून-निवून आतले बारीक जोड तडकायचे, पुढचे तीन दिवे लाल व्हायचे आणि यंत्र गार पडायचं. मायक्रोसॉफ्टनं या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली ती जुलै २००७ मध्ये. एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली, आधी दुरुस्तीचे पैसे भरलेल्यांना ते परत दिले. चांगलं केलं. पण दीड वर्षाहून जास्त काळ लोक ओरडले म्हणून केलं. ज्याचा बिघाड एकट्याचाच, त्यानं कुणाच्या नावानं ओरडायचं?

आणि खरी मेख पुढेच आहे. त्या यंत्रात डिस्क वाचणारा भाग मदरबोर्डाशी गुप्त किल्लीनं बांधलेला. तसल्याच दुसऱ्या यंत्रातला धडका भाग नुसता काढून बसवला तर खेळाची डिस्क चालत नाही. म्हणजे वस्तू तुमची, पैसे तुमचे, कुलूप मात्र त्यांचं! अमेरिकेत दुरुस्तीसाठी हे कुलूप तोडायला २०२१ साली कॉपीराइट कार्यालयाला सूट द्यावी लागली, तीही डिस्कच्या भागापुरतीच.

स्क्रूवरचं ते स्टिकर तर निव्वळ धाक आहे. २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो धरून सहा कंपन्यांना पत्रं धाडली. बाहेर दुरुस्ती केली किंवा सील फाडलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द, असं सांगणं बेकायदा ठरू शकतं, असं बजावलं. आधार १९७५ च्या कायद्याचा! इतकी वर्षं कायदा होता, तरी स्टिकर चिकटतच होतं.

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाअखेर पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, मोटारी अशी सुरुवात. छान. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग विका, आतला नकाशा द्या, अशी सक्ती पाहिजे.

आमच्या बेळगावात रेडिओ, टीव्ही, मिक्सर, काय तर इस्त्रीसुद्धा दुरुस्त करून संसार चालवलेली माणसं आहेत. त्यांचा हात कमी पडत नाही, त्यांना भाग मिळत नाहीत. मग पेटी बंगळुरूला नाहीतर मुंबईला पाठवायची आणि पोरांनी आठवडेच्या आठवडे वाट बघायची. वरून "आतला डेटा गेला तर आम्ही जबाबदार नाही" असल्या कागदावर सही पण आपलीच!

सहीआधी मागच्या सिरियल नंबरचा फोटो तेवढा काढून ठेवा. परत येणारं यंत्र पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचं असतं.