पुराव्यांनी कोण विश्वासात आले?



दृढीकरणाच्या वर्गातली मुले बारावी झाली की नानाखेड्याच्या बसस्थानकावरून इंदूरला, पुण्याला शिकायला जातात. मग आईवडील आम्हाला म्हणतात, "जाण्याआधी त्यांना देव असल्याचे पक्के पुरावे शिकवा, म्हणजे तिथे कोणी त्यांचा विश्वास ढळवणार नाही." हा आग्रह आता इतका वाढला आहे की त्याला उघड विरोध करणे आम्हाला भाग आहे.

पुरावे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. सृष्टीवरून, बुद्धीच्या प्रकाशात देवाला ओळखता येते, हे १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले. त्याच्या कितीतरी आधी संत पौलाने रोमकरांस पत्रात सांगितले. आम्हाला ते मान्य आहे. पण ओळखता येते म्हणजे माणसे त्याच वाटेने विश्वासात येतात, असे कुठे आहे?

आपल्याच मराठी ख्रिस्ती परंपरेत पाहा. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले शास्त्री. मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहिले. एवढा वादपटू आपल्यात क्वचितच झाला असेल. तरी शंकांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. युक्तिवादाने शंका मिटायच्या असत्या, तर आधी त्यांच्या मिटल्या असत्या.

पंडिता रमाबाईंच्या बुद्धीला गोऱ्यांच्या लेखनाने पटले, हे खरे. पण मन आधीच हलले होते. इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले काम दाखवले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत होते. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री त्यांना वाचून दाखवली. १८८३ साली बाप्तिस्मा झाला. तरी पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. त्याला आणखी आठेक वर्षे लागली.

सोडून जाणाऱ्यांचेही तसेच. वादात हरलो म्हणून मंडळी सोडली, असे सांगणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. कोणाच्या घरी मयत झाली आणि दहा दिवस कोणी फिरकले नाही. कोणाची आई कर्करोगाने गेली आणि वर "प्रार्थना कमी पडली" हे ऐकावे लागले. कोणाला चर्चच्या आवारातच जातीवरून टोमणा बसला. विज्ञान, उत्क्रांती, दुःखाचा प्रश्न हे सगळे मग मागाहून बोलायला सापडते.

आणि उज्जैनमध्ये तर देवच नाही म्हणणारा शोधून काढावा लागेल! महाकालाच्या या नगरीत शेजारी आपल्याला पुरावा मागत नाहीत. आपण कसे वागतो ते पाहतात.

पुरावे मागणाऱ्या घरांत संध्याकाळची कुटुंबप्रार्थना होते का, हेही आम्ही विचारणारच. मुलाने आपल्या आईवडिलांना गुडघे टेकलेले कधी पाहिलेच नसेल, तर त्याला एका वर्षात वकील बनवून आम्ही काय साधणार?

यंदा वर्गात संत थॉमस अक्विनास यांच्या पाच मार्गांना एक रविवार मिळेल. बाकीच्या रविवारी मुले आजाऱ्यांच्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जातील. दुपारी तीनला चर्चच्या फाटकातून निघायचे आहे. आईवडिलांनीही यावे.