कपिलधारेची वाट

दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांतून बँकॉक, क्वालालंपूरच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. त्याच सुमारास बीड जिल्ह्यात दोन निराळे प्रवास सुरू होतात. ऊसतोड मजूर बिऱ्हाड बांधून ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात आणि कारखान्यांच्या वाटेला लागतात; तर कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेसाठी दिंड्या कपिलधारेकडे निघतात. पहिल्या प्रवासाला पर्यटन म्हणणे ही थट्टाच होईल. पण दुसऱ्यालाही कोणी तसे म्हणत नाही, याचा मात्र विचार व्हावयास हवा.

बीडच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत कपिलधार आहे. पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो. वीरशैव परंपरेचे तत्त्वज्ञान 'परमरहस्य' या ग्रंथातून मराठीत आणणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी तेथेच आहे. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व तेलंगणातूनही भाविक येतात. शेतात वर्षभर राबणाऱ्या बाईला घर सोडून डोंगर, पाणी आणि माणसे पाहण्याची जी एक-दोन निमित्ते मिळतात, त्यांपैकी ही यात्रा एक. पुरोगामी कार्यकर्ते हिला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात, तेव्हा त्या बाईची हौस त्यांच्या हिशेबातून निसटते. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लूम यांच्या समाजवादी नेतृत्वाखालील सरकारने कामगारांना पगारी रजा दिली आणि तिच्यापाठोपाठ रेल्वेचे सवलतीचे तिकीटही दिले. रजा मिळाली, पण भाडे परवडले नाही, तर ती कागदावरच राहते, हे त्या सरकारला उमगले होते.

आपल्याकडे ही जाण नव्हती असे नाही. निजामाच्या राजवटीत १९३२ साली सरकारी मोटारसेवा सुरू झाली. राज्य सरंजामी होते, पण वाहतूक सरकारी होती. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्या एसटीवर वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर आकारला गेला. गरिबाच्या तिकिटातून तिजोरी भरावयाची आणि मग तोट्याच्या नावाने महामंडळालाच बोल लावावयाचा, हा न्याय अजब आहे. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात गाड्या आगारांत उभ्या राहिल्या, तेव्हा खेड्यातल्या माणसापुढे खच्चून भरलेली जीप किंवा पायपीट एवढेच पर्याय उरले. २०२३ साली महिलांना अर्धे तिकीट मिळाले आणि गाड्यांतून बायकांची गर्दी उसळली. इच्छा होतीच, अडत होते ते पैशापाशी.

जाकार्तासारख्या गजबजलेल्या महानगरात २००४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका आखण्यात आल्या. तिकीट स्वस्त आणि अंतर कितीही असले तरी एकच. येणारी तूट नगरशासन सोसते. कचेरीला जाणारा कारकून आणि जुने शहर पाहावयास निघालेला पाहुणा एकाच बसमध्ये बसतात. महानगराची आणि खेड्याची तुलना होत नाही, असा आक्षेप येईल. मार्गिकांच्या बाबतीत तो खराच आहे. सोसण्याच्या तत्त्वाबाबत नाही.

बीडला रेल्वे आली. १९९५-९६ मध्ये मंजूर झालेला अहमदनगर-परळी मार्ग बीडपर्यंत पोहोचण्यास १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला! पण तो मांजरसुंब्याला शिवत नाही. धुळे-सोलापूर महामार्ग शिवतो. मात्र रुंद महामार्ग मोटारवाल्यासाठी जितका सोयीचा, तितका फाट्यावर उतरून गाठोडे डोक्यावर घेऊन चालणाऱ्या म्हातारीसाठी नाही. तीर्थक्षेत्र विकासाच्या नावाने कमानी, सभामंडप आणि वाहनतळ उभे राहतात. वाहनतळ कोणाच्या वाहनांसाठी, हे कोणी विचारत नाही.

यात्रेला जादा गाड्या सोडण्याची एसटीची जुनी रीत चांगली आहे. पण धबधबा श्रावणात असतो आणि माणसे बाराही महिने असतात. बीड, केज व पाटोदा येथील कार्यकर्त्यांनी विभाग नियंत्रकांकडे तीन मागण्या घेऊन जावे: बीडहून थेट कपिलधारेपर्यंत सकाळ-संध्याकाळची नियमित फेरी, पावसाळ्यातील रविवारी जादा गाडी आणि मांजरसुंबा फाट्यावर पाणी, शौचालय व सावली असलेला निवारा. निवेदनावर सह्या घ्यावयाच्या त्या दिंडीतल्या बायकांच्या, आणि त्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वीच.