झाडांचे ऊर्फ

आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक राहतात. झाडांच्या बोलीतल्या नावांचा त्यांना भारी तिटकारा.

"अहो, काय हा घोळ! काश्मीरचा चिनार म्हणजे इंग्रजांचा 'प्लेन'. त्याच्या अमेरिकेतल्या भावाला तिथे म्हणतात 'सिकामोर'. इंग्लंडातला सिकामोर मात्र मेपलच्या घराण्यातला, आणि स्कॉटलंडात त्यालाच 'प्लेन' म्हणतात! बायबलातला सिकामोर तर आपल्या उंबराचा नातेवाईक. म्हणून सांगतो, लॅटिनच वापरा!"

मी पडलो बँकेतला कारकून. विचारलं, लॅटिनचं खातं तरी कुठे स्वच्छ आहे? लंडनच्या रस्त्यांवरच्या प्लेनला कोणी 'अ‍ॅसरिफोलिया' म्हणतं, कोणी 'हिस्पॅनिका', म्हणजे स्पेनचा! एका खातेदाराच्या दोन सह्या. आमच्याकडे चेक परत जाईल. आणि १७५३ साली लिनीअसने इंग्लंडातल्या त्या सिकामोरच्या कपाळी कायमचं 'स्यूडोप्लॅटॅनस' लिहून ठेवलं. म्हणजे खोटा प्लेन! बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर पानं जराशी सारखी.

लेजरला लॅटिन हवंच, नाही कोण म्हणतो? पण खातेदाराला कोणी खातेनंबराने घरी जेवायला बोलावत नाही. झाडावर कुऱ्हाड आली की धावतो तो त्याला नावाने हाक मारणारा. आमची आई उंबराखालून जाताना दत्ताचं झाड म्हणून चपला काढून हात जोडायची. त्या उंबराला 'फायकस रेसमोसा' म्हणायला शिकवलं असतं, तर तिने त्याच्या फांदीवर ओलं लुगडं वाळत घातलं असतं.