समा आणि कव्वाली

उरूस जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांत एक वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, "कव्वाली हराम आहे, बंद करा." दुसरा म्हणतो, "चिश्ती बुजुर्ग स्वतः ऐकायचे, तुम्ही कोण सांगणारे?" मला वाटते, दोन वेगळे शब्द एकच समजून हे भांडण चालते.

समा हा अरबी शब्द. अर्थ, ऐकणे. कव्वाली आली 'कौल'वरून. कौल म्हणजे बोल, वचन. मराठीला तो परका नाही. शिवकाळातला कौलनामा, देवाला लावलेला कौल, निवडणुकीतला जनतेचा कौल, सगळे त्याच घरातले. कौल गाणारा तो कव्वाल, त्याचे गाणे ती कव्वाली. म्हणजे कव्वाली हा गाणाऱ्याचा शब्द आहे आणि समा ऐकणाऱ्याचा.

म्हणूनच समाच्या अटी ऐकणाऱ्यालाही लागू होत्या. हजरत निजामुद्दीन औलिया (निधन १३२५) सांगत की गाणारा प्रौढ पुरुष असावा, काव्य अश्लील नसावे, वाद्ये नसावीत आणि ऐकणाऱ्याचे मन अल्लाहच्या स्मरणात असावे. एवढे करूनही गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात त्यांना उलेमांसमोर उत्तर द्यावे लागले. खुलताबादला विसावलेले त्यांचे मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब हेही समाचे मोठे चाहते. त्याआधी इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये यावर सविस्तर लिहिले. त्यांच्या मते गाणे मनात नवे काही घालत नाही, आधीच जे असते तेच हलवते.

आता आपल्या उरुसातला मंच पाहा. रोषणाई, भोंगे, दोन पार्ट्यांचा 'मुकाबला', उधळलेल्या नोटा. ही कला आहे, मलाही आवडते. पण तिच्या समर्थनासाठी औलियांचे नाव घेऊ नये. त्यांनी ज्याची पाठराखण केली ते हे नव्हे. आणि सरसकट हराम म्हणणाऱ्यांनीही आधी सांगावे, आक्षेप गाण्यावर आहे, वाद्यांवर की तमाशावर? या तिन्हींचे उत्तर एक नाही.

उरूस कमिट्यांना एवढीच विनंती आहे. मुकाबला ठेवायचा तर ठेवा, पत्रिकेवर 'कव्वाली' छापा. पण एक रात्र दर्ग्याच्या आवारात, भोंग्याशिवाय, नोटांशिवाय बसू या. त्या रात्रीला 'समा' म्हणा. बसणाऱ्याला कळेल की आज परीक्षा कव्वालाची नाही, आपली आहे.