वृत्तपत्रें आणि राज्यक्रांति

राज्यक्रांति तलवारीनें होते कीं लेखणीनें, हा प्रश्न शाळेंतील वादविवादांत वरचेवर निघतो. आमच्या मतें त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, कीं लेखणीनें पेटविलेला अग्नि लेखणीस विझवितां येतो काय? कामीय देमूलाँ ह्या फ्रेंच पत्रकाराचें चरित्र ह्या बाबतींत विचार करण्याजोगें आहे.

१२ जुलै १७८९ रोजीं पॅरिसमध्यें त्यानें जमावास शस्त्र धरण्याचें आवाहन केलें. दोन दिवसांनीं बास्तीयचा किल्ला पडला. ऑगस्टमध्यें मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानें मुद्रणस्वातंत्र्य मान्य केलें व वृत्तपत्रांस जणूं पूर आला. राष्ट्रसभेंतील वाद सामान्य प्रजेच्या कानीं पडूं लागले. हा उपकार लहान नव्हे. परंतु माराचें 'लोकमित्र' पत्र विरोधकांचीं मस्तकें मागूं लागलें. आणि जमाव ज्या कंदिलाच्या खांबांस माणसें टांगीत असे, त्या कंदिलाचा वकील म्हणवून घेण्यांत देमूलाँसही भूषण वाटे. १७९२ च्या ऑगस्टांत राजपक्षाचीं पत्रें बंद पाडलीं, तीं स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनींच!

पुढें रक्तपात पाहून देमूलाँचें मन पालटलें. डिसेंबर १७९३ मध्यें नवें पत्र काढून त्यानें दयेची समिति नेमण्याची मागणी केली. त्याचा शाळासोबती रोबेस्पिएर ह्यानें ते अंक जाळावे असें सुचविलें; जाळणें म्हणजे उत्तर देणें नव्हे, असें देमूलाँनें त्यास सुनावलें. ५ एप्रिल १७९४ रोजीं देमूलाँचा शिरच्छेद झाला. त्याच्या अटकेच्या हुकुमावर त्या शाळासोबत्याचीही सही होती.

कोणी म्हणतील, मवाळ लेखांनीं जुलमी सत्ता कधीं हालत नाहीं. हें आम्हांसही मान्य आहे. परंतु प्रतिपक्षास शिव्या देण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. स्वपक्षाची चूक स्वपक्षास सांगणें हीच पत्रकाराची खरी कसोटी होय. देमूलाँ तींत उतरला, पण उशिरा. कारण निर्दयतेची गोडी वाचकांस लावणाऱ्यांत तोही एक होता.

विद्यार्थ्यांनो, आज वार्ता कागदावरून निघून हातांतील मोबाइलवर आली आहे, व ती पुढें धाडणारा प्रत्येकजण अल्पांशानें पत्रकारच झाला आहे. म्हणून आवडतें पत्र वाचतांना, आपल्याच पक्षाची चूक त्यानें कधीं दाखविली आहे काय, हें पाहावें. पालकांनींही हा प्रश्न घरीं मुलांसमक्ष स्वतःस विचारावा, अशी आमची विनंति आहे.